शेंडा खुडलेले करंज

आमच्या गावचा बाजारतळ म्हणजे उन्हाळ्यात तापलेला तवा. निपाणीपासून दोन कोसांवरचं गाव, चहूकडं तंबाखूची रानं, आणि मधोमध ही उघडीबोडकी जागा. दर आठवड्याला तिथं बाजार भरायचा. जनावरांचा सौदा करणारे बापये दुपारच्या आत घरी जायचे, पण भाजी घेऊन बसलेल्या बायका दिवस मावळेपर्यंत उन्हात. माझी थोरली बहीण, आक्का, गावातच दिलेली, त्यातलीच एक. डोक्यावर पदर, पदरावर ओलं फडकं, पुढ्यात वांग्यांची बुट्टी. वांगी सुकू नयेत म्हणून त्यांच्यावर ती सारखं पाणी मारायची, पण स्वतः घोटभर पाणी प्यायची तिला सवड नसायची.

त्या जागेवर एका व्यापाऱ्याचा डोळा होता. त्याला तिथं तंबाखूची वखार बांधायची होती. तो चिकोडीला मामलेदारांकडं गेला, मागोमाग आम्ही गावकरीही गेलो. मामलेदारांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जागा ओसाड आहे म्हणून तो मागतो. तुम्ही झाडं लावा, दोन उन्हाळे जगवून दाखवा. मी येऊन बघीन. झाडं असली तर जागा बाजाराची, नसली तर वखारीची."

"आमी शेतकरी माणसं. झाडं जगवायची म्हंजे काय मोठं," मी तिथंच बोलून मोकळा झालो. माझी शाळा दुसरीत सुटली, पण बोलायला मी कधी कुणाच्या मागं राहिलो नाही, अजूनही राहत नाही. गावानं ते काम माझ्याच गळ्यात घातलं.

त्याच सुमाराला एक म्हातारा माळी आमच्या गावात लेकीकडं येऊन राहिलता. जन्म बेळगावच्या कॅम्पात साहेबांच्या बागा राखण्यात गेलेला. कानडी मिसळून मराठी बोलायचा. तो म्हणाला, दर सोमवारी सांजच्याला तळावर या, झाड कसं लावायचं ते मी शिकवतो. पहिल्या सोमवारी सगळा गाव जमला तो हसायलाच. कुणब्याला खड्डा खणायला शिकवणार म्हणजे काय? माळ्यानं कुदळ माझ्याच हातात दिली. मी जोरात खणला. त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "ह्ये काय री, मांजर पुरायचं हाय?"

लोकांचं हसू त्याच्यावरून माझ्यावर आलं. मग मी छातीइतका खणला.

पण माणूस गुणाचा होता. खड्डे उन्हाळाभर उघडे तापू द्यायला लावले. मग तळ्यातला गाळ, कुजका पाला, शेणखत. रोपाशेजारी बुडाला भोक पाडलेलं मडकं पुरायचं आणि भोकात चिंधीची वात घालायची, म्हणजे पाणी थेंबाथेंबानं मुळाशी उतरतं. झाड त्यानं करंजाचं निवडलं, कारण करंजाला शेरडं तोंड लावत नाहीत. आषाढात दोरी धरून सरळ ओळीत करंज लावले. कॅम्पातल्या रस्त्यावर असतात तशी उंच, सरळ झाडं त्याच्या डोळ्यांपुढं होती, खालून लादलेली गाडी जाईल अशी. मलाही तेच पसंत होतं. मामलेदारांना लांबूनच दिसली पाहिजेत.

पाण्याला घरटी एक घागर ठरली. आणायच्या बायका, हुकूम सोडायचो मी. आमच्या शेजारची जैनाघरची म्हातारी तेवढी मडक्यावर फडकं धरून पाणी गाळून ओतायची. मी एकदा म्हणालो, "आज्जी, झाडाचं काय पोट दुखणार हाय व्हय?"

"झाडाचं न्हवं रं, पाण्यातल्या जीवाचं बघत्येय मी," ती म्हणाली.

तिच्या मडक्याची वात कधी गाळानं तुंबली नाही. आमच्या तुंबल्या. पुढं सगळ्याच बायका फडकी घेऊन यायला लागल्या.

तंबाखूचं एक सांगितलं पाहिजे. झाड फुलावर यायच्या बेताला आलं की त्याचा शेंडा खुडायचा. शेंडा गेला की सगळा जोर पानात उतरतो, पान रुंद आणि जाड होतं. कार्तिकात आमच्याकडच्या बायका दिवस दिवस तेच करतात. ओळीनं चालायचं, चिमटीत धरायचं, मोडायचं, पुढं जायचं. हातांना काळा चीक बसतो तो राखेनंही निघत नाही. त्या कार्तिकात मी गाडी घेऊन निपाणीला गेलतो. जाताना बायकांना सांगून गेलो, रानातनं येताना करंजांची आळी खुरपून ठेवा. दुसऱ्या दिवशी परत आलो तर आळी लख्ख, आणि एकाही करंजाला शेंडा नाही.

मी तसाच गाडी घेऊन आक्काच्या दारात गेलो. "आक्का, शेंडे कुटं हायत?"

"कसलं शेंडे?"

"करंजाचं."

तिनं आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग आपल्या काळ्या बोटांकडं. मग ती मटकन उंबऱ्यावर बसली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"हात गेला रं. दिसभर त्येच करतोय न्हवं. खालच्या आळीतल्या नव्या सुनंची गोष्ट चाललीवती. बोलता बोलता गेला."

"सगळ्यांचाच गेला?"

"गोष्ट सगळ्याच ऐकत व्हत्या की."

माळ्यानं ते बघितलं आणि कपाळाला हात लावून खालीच बसला. मग बायकांना म्हणाला, "ह्यो हात हाय का कोयता री? उद्यापासनं बायका ब्याड. एकबी नको तळावर." बायकांना हसू येत होतं ते तिथंच थांबलं. आक्का म्हणाली, "बरं झालं. आमच्या घागरी आमच्या घरात." आणि सगळ्याजणी निघून गेल्या.

आता पाणी कोण घालणार? मी. खांद्यावर कावड घेऊन विहीर ते तळ, तळ ते विहीर. बोलून बसलेला माणूस मी, दुसऱ्या बापयाला कसं विचारू? विचारलं तरी कोण आला असता म्हणा. खांद्याची सालं निघाली, तरी निम्मी मडकी कोरडीच राहायची. आणि उन्हाळा अजून यायचा होता.

तेवढ्यात करंजांना खुडल्याजागी फुटवे आले. एकेकाला पाच पाच, सहा सहा. माळी चाकू घेऊन आला. म्हणाला, प्रत्येकाचा एक फुटवा ठेवायचा, बाकीचे कापायचे, म्हणजे तोच सरळ वर जाईल आणि झाड झाडासारखं होईल. चाकू त्यानं माझ्या हातात दिला. मी पहिल्या करंजाशी बसलो, तर आक्का डोक्यावर घागर घेऊन पुढ्यात उभी.

"आमी खुडलं तर आमचा हात कोयता झाला. आता तू कापनार, त्ये काय?"

"ह्ये शास्त्र हाय, आक्का."

"असंल. ही घागर मी वतत्ये, उद्यापासनं समद्याजणी येत्याल. पर एका फुटव्याला हात लावलास तर तूच वाहा तुझी कावड."

मी माळ्याकडं बघितलं. मान झुकवायची मला सवय नाही, आणि तिथं तर दोन्हीकडं झुकवायची पाळी आलती. शेवटी मी चाकू त्याला परत दिला.

"झुडूप होईल री, झाड न्हवं," माळी म्हणाला.

"होऊ दे. झुडपाला पाणी तरी मिळंल."

तो रागानं बेळगावला निघून गेला. सोमवार बंद पडले. पण पाणी चालू झालं, आणि त्या उन्हाळ्यात एकही करंज वाळला नाही. पुढच्या कार्तिकात रानातून बायका तळावर आल्या की मी लांबूनच ओरडायचो, "हात मागं बांधा." त्या खरोखरच हात पाठीमागं धरून, मान खाली घालून, शाळेतल्या पोरींसारख्या ओळीनं करंजांमधून चालायच्या आणि माझ्यापुढं आल्या की खळाळून हसायच्या. मी वरून रागावायचो. खरं म्हणजे त्या वेळची मी वाट बघायचो.

दुसरा उन्हाळा भरात असताना मामलेदार आले. बाजाराचाच दिवस. करंज माणसाच्या डोक्याला लागतील एवढेच, पण छत्रीसारखे पसरलेले, आणि एकेकाखाली तीन तीन बायका बुट्ट्या घेऊन बसलेल्या. व्यापारी पांढरं धोतर नेसून, कडक इस्त्रीचा कोट घालून आलता. तो पुढं होऊन म्हणाला, "साहेब, आपण झाडं म्हणाला होता. ही झुडपं आहेत. बेळगावच्या माळ्यानंच तसं सांगितलंय, विचारा त्याला."

माळी चार दिवसांपूर्वी लेकीकडं परत आलता. गर्दीच्या मागं उभा होता. त्याचा शब्द मी मोडलेला, आणि आता सगळी जागा त्याच्याच शब्दावर. मामलेदारांनी त्याला पुढं बोलावलं. तो वाकून एका करंजाखाली गेला, फांद्या चाचपल्या, माझ्याकडं बघितलं नाही.

"झुडूप म्हनलो व्हतो साहेब. आजबी म्हनतो," तो म्हणाला. मी डोळे मिटले. "सरळ वाढवलं असतं तर आज इथं बांबू उभं असतं. सावली पडली असती, पर कावळ्यापुरती."

मामलेदार हसले. आम्ही त्यांच्यासाठी खुर्ची आणलेली, पण ती करंजाखाली मावेना, त्यांची पगडी फांदीला लागायची. शेवटी पगडी मांडीवर घेऊन ते आक्काशेजारी पोत्यावर बसले. शेजारणीनं काकडी चिरून मीठ लावून दिली, ती खाल्ली. व्यापाऱ्याला म्हणाले, "या की आत, बसून बोला." तो मातीत कोट घालून कसा बसणार? उन्हात उभा राहूनच बोलत राहिला. सुरुवातीला वखारीचे सगळे फायदे सांगत होता. हळूहळू फायदे आखूड व्हायला लागले. मानेवरून घामाचा ओघळ कोटात गेला तसा तो मधेच थांबला.

"तुम्हालाही सावली लागतेय," मामलेदार म्हणाले, "मग यांना नको का? जागा बाजाराची."

बायका ओरडल्या नाहीत, नाचल्या नाहीत. एकमेकींकडं बघितलं आणि लगेच बुट्ट्या सरकवून चांगल्या सावलीच्या जागा धरायला लागल्या. साहेब अजून बसलेले, तोवर जागेवरून भांडण सुरू. माळी लांब उभा राहून मिशीत हसत होता. मी त्याला म्हणालो, "सोमवारी येतासा न्हवं?" तो म्हणाला, "येतो री. पर बायकांचे हात तू बांधून आण."

पुढच्या बाजारी मी ऐटीत तळावर गेलो आणि आक्काच्या करंजाखाली मांडी घालून बसलो. ती बुट्टीवरून माझ्याकडं बघत राहिली.

"काय घेनार?"

"काय न्हाय. बसलोय."

"गिऱ्हाइकाची जागा हाय ही. बसायचं तर कायतरी घे."

"ही झाडं लावली कुनी?"

"लावलीस तू, वाढवली आमी. वांगी घेतोस का उठतोस?"

बाकीच्या बायका हात थांबवून ऐकत होत्या. मी वांगी घेतली नाहीत. उठलोही नाही.