डुगडुगती खुर्ची

आमच्या मामीच्या स्वयंपाकघरातली खुर्ची डुगडुगायला लागली आणि मामाला आयतंच निमित्त मिळालं. निवृत्तीनंतर हात शिवशिवत होतेच. खुर्ची दुरुस्त करायची तर कामाचं टेबल हवं, टेबलावर छप्पर हवं, म्हणून परसात शेड उभी राहिली. मग हत्यारांना फळी, खिळ्यांना खणांचं कपाट आणि दमल्यावर टेकायला गुळगुळीत स्टूल. सगळं कसं देखणं, पण सगळं शेडचंच! मामीने खुर्चीचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "अगं, आधी शेड तर लागू दे!"

काल मामीने शेडमधलं स्टूल उचललं आणि थेट ओट्यापाशी नेऊन ठेवलं.

"अगं, मग मी बसू कशावर?" मामा ओरडला.

मामीने ती खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "हिच्यावर. बघू आता किती दिवस डुगडुगते!"