पहिल्या रांगेतली खुर्ची

नदी वाचवल्याबद्दल शिवणकाम करणाऱ्या धाकटीला पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा तिने एकच हट्ट धरला, दादाला पहिल्या रांगेत बसवा. बाबा गेल्यावर याच दादाने तिला घराबाहेर काढलं होतं. त्याच्या रंगाच्या कारखान्याचा चोरनळ नदीत कुठे उघडतो, हे घरच्यांनाच ठाऊक होतं. धाकटीने तो अधिकाऱ्यांना दाखवला आणि कारखान्याला टाळं लागलं. सख्खा भाऊच आला नाही, अशी चारचौघांत नाचक्की नको म्हणून दादा समारंभाला आला.

“या कामाची प्रेरणा कोणाची?” निवेदिकेने विचारलं.

“दादाचीच. तो नसता, तर मी नदीकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. दादा, ऊठ की! लाजतोस काय?”

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. दादा दातओठ खात उठला. टाळ्या विरल्या की तो बसायला जाई, आणि धाकटी मंचावरून पुन्हा टाळ्या सुरू करी.