वकीलसाहेबांचा शेवटचा हात

आजही कुणी म्हणालं की ‘माझ्या चित्रावर जरा हात फिरवा’, तर मला शिसारी येते. उठून मोरीकडे जावंसं वाटतं. लोक म्हणतात, म्हातारा आढ्यतेखोर आहे. म्हणोत बापडे.

पन्नास सालानंतर चार-पाच वर्षं मी पनवेलच्या कचेरीत कारकून होतो आणि स्वतःला चित्रकार समजत होतो. रविवारी सकाळी आम्ही तिघं एका वकिलांच्या ओटीवर जमायचो. वकीलसाहेब स्वतः, बाजारातले एक डॉक्टर आणि मी. आठवड्यात काढलेलं चित्र स्टुलावर मांडायचं आणि बाकीच्या दोघांनी त्यावर बोलायचं. बोलायचं म्हणजे काय, तर ‘वॉश छान जमलाय’, ‘शेडिंग जरा कच्चं आहे’ ही ठरलेली वाक्यं पोहे खाता खाता एकमेकांवर फेकायची. चित्रं तरी कसली? जवळच्या आपटे गावी जाऊन पाताळगंगा नदीच्या काठी बसायचं आणि काढायचा मात्र कॅलेंडरवरचा सूर्यास्त. तिघांच्याही कागदावर तोच केशरी गोळा आणि तोच वाकडा माड. समोरच्या नदीकडे आमच्यापैकी एकानेही कधी धड पाहिलं नव्हतं.

वकीलसाहेब शाळेत असताना ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा पास झाले होते, आणि ते सर्टिफिकेट ओटीवर काचेत लावलेलं होतं. वासरांत लंगडी गाय शहाणी. त्यामुळे आमच्यात एक रीतच पडून गेली होती. चर्चा संपली की वकीलसाहेब आपला ब्रश उचलायचे आणि ज्याचं चित्र असेल त्यावर शेवटचा हात फिरवायचे. इथे एक सावली, तिथे एक ढग. त्यांचा हात फिरला की चित्र पुरं झालं, असं आम्ही मानायचो. मला तर तो मान वाटायचा. काय लाचार माणूस होतो मी.

एके दिवशी खाडीकडच्या ओवे गावचा, मिठागरावर काम करणारा एक माणूस कसल्याशा दाखल्यासाठी कचेरीत आला. काखेत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक फळी होती. काम झाल्यावर त्याने हळूच विचारलं, “भाऊसाहेब, तसबिरीला काच कुठं लावून मिळंल?” मी त्याला फडकं सोडायला लावलं.

बाईचा चेहरा होता. रंगाने काळी, कपाळावर गोंदण, पुढचे दात थोडे वर आलेले, एक डोळा दुसऱ्यापेक्षा बारीक. आता ही काहीतरी खोचक बोलणार, असं वाटायचं तिच्याकडे बघून. त्याची बायको. तीन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली, मुलगी वाचली. बाईचा फोटो कधी काढलेलाच नव्हता. पावसाळ्यात मिठागरं बंद असतात, तेव्हा दोन पावसाळे बसून त्याने काजळी, गेरू आणि दुकानातले पुडीचे रंग सरसात कालवून हे काढलं होतं. म्हणाला, “पोरीला आय दाखवायची हाय. मी तोंडानं किती सांगू? तिला दिसाया पायजे ना.”

असं चित्र आम्हा तिघांपैकी कुणाच्या बापाला काढता आलं नसतं. हे मला तिथल्या तिथे कळलं होतं, म्हणून तर स्वतःची जास्त किळस येते. काचवाल्याचं दुकान दाखवून त्याला वाटेला लावायचं, ते सोडून मी म्हणालो, “रविवारी घेऊन ये. आमच्या लोकांना दाखवू.” हा माणूस मी शोधून काढला, हे मला मिरवायचं होतं.

रविवारी तो आला आणि ओटीच्या पायरीवर बसला. वर ये, असं त्याला कुणी म्हटलं नाही. मीही नाही. फळी स्टुलावर गेली.

“रंग फार दाट लावलाय,” डॉक्टर म्हणाले. “कातडीला उजेडच नाही.”

“मुळात प्रपोर्शन चुकलंय,” वकीलसाहेब म्हणाले. “दोन्ही डोळे सारखे हवेत.”

“तिचा तसाच व्हता, सायेब,” तो पायरीवरून म्हणाला.

“असेल. पण चित्रात ते चालत नाही.”

असं म्हणून त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला. तो माणूस उठून उभा राहिला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या ओटीवर तो ओळखत होता तो मला एकट्याला. मी मान डोलावली, होऊ दे म्हणून. एवढ्यावर थांबलो नाही, बशीत गुलाबी रंग कालवून वकीलसाहेबांपुढे धरला.

सरसातला रंग कितीही वाळला तरी ओला ब्रश लागला की उठतो. कलेवर तासन् तास बडबडणाऱ्या आम्हा तिघांना एवढी साधी गोष्ट त्या वेळी सुचली नाही. पहिल्याच फटकाऱ्याला तो बारीक डोळा विरघळला. वकीलसाहेब खूश. “बघा, कसं छान मिसळतंय,” म्हणाले. डॉक्टरांनी री ओढली. दात ओठांआड गेले. गोंदण डागासारखं दिसतं म्हणून तेही गेलं. दहा मिनिटांत स्टुलावर टपोऱ्या डोळ्यांची, गोरीगोमटी, साबणाच्या कॅलेंडरवरची बाई बसली होती.

तो पुढे आला. बराच वेळ बघत राहिला. मग मला म्हणाला, “भाऊसाहेब, ही कोन?”

डॉक्टर हसले. मी हातातली रंगाची बशी खाली ठेवली. त्याने ओली फळी दोन्ही हातांवर आडवी घेतली आणि तो निघून गेला. “गाढवाला गुळाची चव काय,” असं म्हणून वकीलसाहेबांनी पोहे मागवले. मीही खाल्ले. अगदी बशी पुसून खाल्ले.

पंधरा-वीस दिवस मला अन्न गोड लागेना. शेवटी एक कोरी फळी, नवे रंग आणि कुंचले घेऊन मी ओव्याला गेलो. मला वाटलं होतं तो शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने मला बसायला घोंगडी घातली, पाणी दिलं. मी म्हणालो, “चूक झाली. माझीच झाली. तू पुन्हा काढ, मी आता कुणाला हात लावू देणार नाही.”

त्याने फळी मांडीवर घेतली. कपाळ काढलं, गोंदण काढलं. डोळ्यांशी आला आणि थांबला. काढला, पुसला, परत काढला. दर वेळी डोळा टपोराच उतरत होता. चार-पाच वेळा झालं तसं त्याने कुंचला धुतला, कोरडा केला आणि माझ्या हातात परत दिला.

“तीन साल डोलं मिटलं का ती दिसायची, भाऊसाहेब,” तो म्हणाला. “आता तुमची येते.”