हितेशच्या दुकानातली दोन टेंडरं

मुर्धा गावच्या पुष्पलतावहिनींना थकायला फुरसत कधी मिळालीच नव्हती. मिठागरं गेली, नवरा गेला, हाताशी राहिला तो बायकांचा बचत गट. हा गट शाळेची खिचडी शिजवायचा. त्या कामाच्या टेंडरसाठी आजवर कार्यालयात जाऊन दराचं बंद पाकीट पेटीत टाकायचं, साहेबांना नमस्कार करायचा, की झालं. यंदा ती पेटीच गेली. सगळं ऑनलाइन, आणि संगणकाला नमस्कार चालत नाही.

डिजिटल सहीसाठी खेटे घालून वहिनी मेटाकुटीला आल्या. शेवटी हितेशच्या झेरॉक्सच्या दुकानात एकदाचं टेंडर भरलं गेलं. राई गावात दिलेली त्यांची नणंद चंपा, तिचाही गट होता आणि तीही याच कामासाठी भरणार होती. म्हणजे कागदावर दोघी एकमेकींच्या विरोधात. पण नणंद अडलीय म्हटल्यावर वहिनींनी तिलाही हाताला धरून हितेशकडे नेलं. तिचा दर भरला जात होता तेव्हा स्वतः मात्र बाहेर पायरीवर पाठ करून बसल्या. उगाच नजर पडायला नको. आता एवढा सरळपणा संगणकाला कोण समजावणार?

संगणकाने इतकंच टिपलं की दोन्ही टेंडरं एकाच ठिकाणाहून आली. दोघींनी ठरवून दर भरले असा संशय आला आणि खुलाशासाठी बोलावणं आलं. दाराशी कारकुनाने, भला माणूस तो, हळूच सांगितलं की ओळख नाही म्हणा, दुकान एकच निघालं म्हणा. नातं कळलं तर दोन्ही बाद. वहिनींच्या डोळ्यांपुढे गटातल्या बायका आल्या. त्यांची घरं या चुलीवर चालत होती. खोटं बोलायचं ठरलं.

साहेबांनी आधी चंपाला विचारलं.

"मी या बाईंना वळखत न्हाय," ती म्हणाली.

ठरवून बोललेलं, तरी वहिनींना ते लागलंच. त्यांनीही खाली मान घालून तेच सांगितलं. साहेबांना पटलं असावं, कारण त्यांनी लिहून घेतलं आणि शिपायाला पाणी आणायला सांगितलं. वहिनींनी ग्लास घेतला आणि तोंडाला न लावताच शेजारी सरकवला.

"घे चंपा, सकाळची गोळी राहिलीय तुझी."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते रागावले नाहीत, उलट जरा ओशाळलेच, पण नियम तो नियम. दोन्ही टेंडरं बाद झाली.

दोघी बसस्टॉपवर येऊन उभ्या राहिल्या. चंपा आता घालूनपाडून बोलणार, असं वहिनींनी धरूनच ठेवलं होतं. तिने फक्त डोळे पुसले.

"मी तुला वळखत न्हाय म्हनाले वैनी, नि तू माजी गोळी ध्यानात ठेवलीस."

वहिनींना खरं तर तिला जवळ घ्यायचं होतं. पण गटातल्या बायका दारात वाट बघत असतील, आणि त्यांना काय सांगायचं हे सुचत नव्हतं.