उजेडातला की अंधारातला

आमच्या कॉलेजचं कटिंग मशीन इतकं अचूक, की मुंगीच्या मिशीलाही भोक पाडेल. चंद्रपुरात त्यावर बांबूंना भोकं नि खाचा पाडून आम्ही गडचिरोलीकडच्या एका गावी अंगणवाडीची शेड उभारायला निघालो. सोबत वीस विद्यार्थी आणि माझा गर्व. गर्वासाठी वेगळा ट्रक करावा लागला.

गावातला टोपल्या विणणारा एक म्हातारा मदतीला आला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यानं एक बांबू कानाशी धरला, बोटाच्या पेरानं टकटक केली आणि विचारलं, "सर, उजेडातला का अंधारातला?"

"ट्यूबलाइटखाली कापलाय, भाऊ."

तो हसला तेव्हा मोहाच्या झाडावरचे पोपट तेलंगणात उडून गेले. "मशीनचं नाई विचारून राह्यलो. रानात तोडला तवा चांदणं होतं, का अंधारा पंधरवडा?"

मला कुठं ठाऊक? त्यानं बांबू तळहातावर आपटला. पिवळं पीठ सांडलं.

"चांदण्यातला हाय. चांदण्यात तोडला का घुण लागते, आतून पोखरते. याच्याखाली लेकरं काऊन बसवता?" मग एका भोकाला डोळा लावून म्हणाला, "भोकं मात्र लय बेस पाडली."

ट्रक तसाच परत फिरला. पुढच्या अंधाऱ्या पंधरवड्यात त्यानं निवडून तोडलेल्या बांबूंवर शेड उभी राहिली. भोकं चंद्रपुरात नेऊन आमच्याच मशीननं पाडली.

हल्ली वर्गात ड्रॉइंग तपासताना मी मिलिमीटरच्या शेजारी तिथी मागतो. मुलं हसतात. मी रागावत नाही. मीही 'ट्यूबलाइट' म्हणालो होतो.