टपालपेटीची जन्मतारीख

फुकट ईमेलचा फॉर्म जन्मतारीख भरल्याशिवाय पुढे सरकत नव्हता. नावाच्या रकान्यात मी वस्त्यांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या आमच्या गटाचं नाव घातलं होतं, तारखेपाशी अडले. विहारातल्या बैठकीत विचारलं तेव्हा एकजण म्हणाला, "तुझीच टाक ना. कोण बघतंय?"

मी ऐकलं नाही. ही टपालपेटी माझी नव्हती, गटाची होती, आणि आम्ही खोटं लिहीत नसू. मी गट स्थापन झाला तो दिवस आणि ते वर्ष टाकलं. त्या हिशेबाने पेटी एक वर्षाची होती. संगणकाने निमूट मान्य केलं आणि मला फार बरं वाटलं.

मी पत्रकांत वाढले. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळ्या करायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं छापून वाटायचे. पत्रकाखाली कुणाचं नाव नसे. शेवटची ओळ ठरलेली: 'वाचून झालं की पाच जणांना द्या.' त्यांची आणखी एक रीत होती. सगळे कागद कधी एका घरात ठेवायचे नाहीत आणि कुणाकडे आहेत ते जाहीर करायचं नाही, म्हणजे एका घराची झडती झाली तरी बाकीचे वाचतात. आमच्या काळात झडती घ्यायला कुणी येत नव्हतं, पण रीत तशीच आमच्याकडे आली. एकमेकांचे फोन नंबरसुद्धा आम्ही मागत नसू. होती ती फक्त टपालपेटी.

दोन हजारच्या दशकातली पहिली तीन-चार वर्षं होती. बारवी धरणाकडून शहराला पाणी आणणारी मोठी पाइपलाइन एका पाड्याच्या उशाशी होती आणि पाड्यात एक नळ नव्हता. घराघरातून आम्ही नळाचे अर्ज भरून घेतले. प्रत्येकावर अंगठा, प्रत्येकाला रेशनकार्डाची नक्कल जोडलेली. त्यांचे चार गठ्ठे करून विहारात ठेवले आणि मी मेल लिहिली की कोण सांभाळणार ते कळवा. चौघांनी कळवलं आणि मी नसताना विहारातून गठ्ठे घेऊन गेले. कोणता कुणाकडे ते मी दुसरीकडे कुठेही लिहून ठेवलं नाही. पेटीत आहेच की, म्हणून.

त्या पेटीने तसा छळ खूप केला होता. दोन फोटो आले की ती भरायची. मराठी मजकूर पलीकडे नुसत्या चौकोनांचा व्हायचा. वीसच्या वर पत्ते घातले की मेल परत यायची, म्हणून त्रेसष्ट जणांना चार वेळा तीच मेल पाठवावी लागे. गटातल्या एकाने उपाय काढला होता. मेलिंग लिस्ट नावाची सोय होती, तीही फुकट. एकाच पत्त्यावर लिहायचं, सगळ्यांना आपोआप जातं. त्याने नमुना दाखवला तेव्हा मजकुराखाली गोरं करणाऱ्या क्रीमची जाहिरात होती. "आपल्या पत्रकाखाली हे?" मी विचारलं. त्याने विषय सोडून दिला. त्याला तो सोडायला मी भाग पाडलं, हे आज लिहायला हवं.

मग एका सोमवारी पाड्यावरची एक मावशी आमच्या दारात उभी राहिली. नळाच्या अर्जांवरची पुढच्या महिन्यातली सुनावणी याच गुरुवारी ठेवल्याचा कागद शाळेच्या दाराला चिकटवला होता. मागच्या खेपेला कागद नव्हते म्हणून पाड्याचं प्रकरण बंद झालं होतं. "आता पन बंद केला त मंग कवा उघरतील?" ती म्हणाली. मी तिला पाणी दिलं आणि सांगितलं, कागद येतील.

शेअर रिक्षा पकडून मी सिंधी निर्वासितांच्या जुन्या वसाहतीत, कॅम्प तीनला गेले. जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या वर एक सायबर कॅफे होता. खालच्या मशिनींमुळे टेबल सतत थरथरायचं. पासवर्ड टाकला आणि पेटीऐवजी वेगळंच पान उघडलं. नियम बदलले होते. खातेदार तेरा वर्षांखालचा असल्याने पालकांची परवानगी येईपर्यंत खातं बंद.

कॅफेवाला सेठ माझ्या खांद्यामागून वाचत होता. "ये तो बच्चे का खाता है, बेटा. कितने साल का है?"

"तीन."

"तीन साल का बच्चा और ईमेल." तो खुर्ची ओढून बसला. "इसका बाप कौन?"

"बाप नाही. गट आहे."

"गट का भी कोई तो होगा ना, साईं. कोई सही करनेवाला."

परवानगीसाठी पालकाचं क्रेडिट कार्ड लागणार होतं आणि पडताळणीला चौदा दिवस. सेठने पाकिटातलं कार्ड अर्धं बाहेर काढलं, दिवसांचा आकडा वाचला आणि परत आत सरकवलं. आमचे त्रेसष्ट पत्ते त्या पानामागे होते, गठ्ठेवाल्या चौघांची उत्तरंही. मी पासवर्ड पुन्हा टाकला, तेच पान आलं.

घरी बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीवरची कागद ओवायची तार उतरवली. त्यांचा पडद्यावर विश्वास नव्हता. पाठवलेल्या प्रत्येक मेलची एक प्रत छापून आण म्हणायचे आणि तारेत ओवून ठेवायचे. पत्ते लपवून पाठवता येतात हे तेव्हा मला माहीत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक छापील पानाचा वरचा अर्धा भाग पत्त्यांनीच भरलेला असे. कागद वाया जातो म्हणून मी कुरकुरत आले होते. आता त्याच पानांवर बोट ठेवून बसले. अकरा पत्ते उजव्या कडेला कापले गेले होते.

मंगळवारी मी माझ्या नावाने, माझ्या खऱ्या जन्मतारखेने नवं खातं काढलं आणि उरलेल्या बावन्न जणांना लिहिलं. बुधवारी तीनदा कॅफेत गेले. पहिल्या खेपेला चार मेल परत आल्या होत्या. दुसऱ्या खेपेला दोन गठ्ठे सापडले, तिसऱ्या खेपेला तिसरा. चौथ्याबद्दल कुणाचाही शब्द नव्हता. झोपताना मी त्या अकरा अर्धवट पत्त्यांपुढे अक्षरं लावून बघत होते.

गुरुवारी तीन गठ्ठे सुनावणीच्या टेबलावर गेले. कारकुनाने मोजून पोच दिली. चौथ्यासाठी मी हात जोडले तेव्हा त्याने आठ दिवसांची मुदत दिली, त्यानंतर जे अर्ज असतील तेवढीच घरं धरणार. मावशीचा अर्ज त्या तिन्हींत नव्हता. बाहेर पायरीवर बसून तिने विचारलं, "माजा कागद कोनापाशी हाय, ता तुला तरी ठावं हाय का, बाय?"

मला ठाऊक नव्हतं, तसं मी तिला सांगितलं. ती उठून पाड्याच्या वाटेला लागली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी मी मेलिंग लिस्ट सुरू केली. 'मालक' या रकान्यात माझं नाव घातलं. पहिल्या मेलमध्ये चौथ्या गठ्ठ्याबद्दल विचारलं आणि शेवटी पाच जणांना द्यायची नेहमीची ओळ लिहिली. त्या ओळीखाली लग्न जुळवणाऱ्या एका साइटची जाहिरात आली. प्रत बाबांपुढे ठेवताना मी म्हणाले, "खालचं वाचू नका."

त्यांनी तेच आधी वाचलं. मग ट्रंकेतून एक जुनं पत्रक काढून माझ्यापुढे पालथं ठेवलं. मागे कपडे धुण्याच्या साबणाची जाहिरात होती, रंग चुकलेली. "प्रेसवाला चुकलेला कागद फुकट द्यायचा. आमची निम्मी पत्रकं अशीच," ते म्हणाले. "तू कधी उलटून पाहिली नाहीस."

शुक्रवार, शनिवार, रविवार काही आलं नाही. सोमवारी सेठनेच विचारलं, "बच्चा मिला?" मी नाही म्हणून मान हलवली. खाली मशिनी चालू होत्या. बुधवारी, सहाव्या दिवशी, एका अनोळखी पत्त्यावरून दोन ओळी आल्या. लिहिणारा बदलापूरचा, कापल्या गेलेल्या अकरांपैकी होता. आमची मेल त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी पुढे पाठवली होती. गठ्ठा कपाटात आहे, कुणाला सांगायचं नाही म्हणून गप्प होतो, उद्या स्टेशनवर आणून देतो.

मी ती मेल छापून घेतली आणि तारेत ओवली. दुसऱ्या दिवशी, मुदत संपायच्या आत, स्टेशनच्या बाकावर गठ्ठ्याची दोरी सोडून मावशीच्या अंगठ्याचा अर्ज आधी शोधला. तो तळाशी होता.