नावाडीण राखीव नव्हती

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात दोन मुलांची जुंपली होती आणि दोन वेण्यांची एक मुलगी त्यांच्या मध्ये उभी राहून म्हणत होती, "आधी ठरलं होतं का? नव्हतं ना? मग डाव पुन्हा." तेव्हा ती मला पहिल्यांदा नीट दिसली. वर्गात तिला सगळे पंच म्हणत. मी त्यांची वर्गशिक्षिका, पण मीही म्हणू लागले.

मोठेपणी पंच खेळच तयार करू लागली. टेबलाभोवती चारपाच जण बसतात, एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि अडलं की फासे टाकतात, असे खेळ. त्यांची पुस्तकं ती घरातल्या पुढच्या खोलीतून काढायची. तिच्या पहिल्या खेळात लोकांना नदीपार नेणारी एक नावाडीण होती. ती म्हणजे हुबेहूब पंचची आई. खेळ आकार घेत होता तेव्हा आईच टेबलाशी बसून नावाडीण व्हायची आणि सगळ्यांना दटावायची, "पोहता येत असेल तर बडबड कर, नाहीतर गप बस!" पंच ते उतरवून घ्यायची. पुस्तक छापायला जाण्याआधीच आई गेली.

असे खेळ काढणाऱ्या छोट्या प्रकाशकांची एक चांगली रीत आहे. एकाचे नियम दुसऱ्याने खुशाल वापरावेत, बदलावेत, विकावेत. फक्त कुणाचे घेतले ते छापावं. तशी परवानगी शेवटच्या पानावर देतात आणि तिच्याखाली राखीव गोष्टींची यादी असते: ही पात्रं, ही गावं आमची, यांना हात लावू नका. पंचच्या पुस्तकाची मुद्रितं मी तपासली. यादीने पाऊण पान खाल्लं होतं.

"अगं, हे काय वाण्याच्या यादीसारखं?" मी म्हटलं. "'या पुस्तकातलं सगळं सर्वांसाठी खुलं आहे.' बस, एवढंच लिही. किती छान वाटतं!"

"बाई, तुम्ही म्हणता तर काढते."

मीच लाल पेनाने यादीवर काट मारली. वाक्य सुटसुटीत झालं याचाच मला आनंद.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका प्रकाशकाचा खेळ आला. त्यातली नावाडीण भर पाण्यात उतारूंचे गळे कापत होती. तोंडी वाक्य मात्र तेच. पंच त्याच्या कार्यालयात गेली, मीही सोबत गेले.

"ताई, तुमचं नाव छापलंय की, पहिल्याच पानावर," तो बिचारा भांबावून म्हणाला. "आणि तुम्हीच तर लिहिलंय, सगळं खुलं."

"हो. लिहिलंय."

"नको असेल तर पुढच्या आवृत्तीत काढतो. पण माझ्यावरून आणखी सहा जणांनी घेतलीय. लोकांना फार आवडते हो ती."

पंचने नावाडणीच्या चित्रावर ते पुस्तक मिटलं. "राहू द्या," ती म्हणाली. "एकदा दिलेली परवानगी मागे घेत नाहीत."

जिना उतरताना मी म्हटलं, "चूक माझी होती गं."

"पुस्तक माझं होतं, बाई. सावकाश उतरा, पायऱ्या अरुंद आहेत."

तिने चिडून चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

नावाडणीचं ते पुस्तक तिने पुन्हा छापलं नाही. पंच आजही खेळांचे नियम लिहिते आणि ते सगळ्यांसाठी खुले ठेवते. पात्रं मात्र ती दुसऱ्यांकडून लिहून घेते.